दहापैकी चार

आमच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. पुढच्या पडवीत बाबांचं हालर, म्हणजे धान कुटायचं यंत्र होतं. ते सुरू झालं की मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि आईने चुलीपासून मारलेली हाक मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, पोचायच्या आत विरून जायची. कोंडा तर सगळीकडे असायचा, केसांत, पाण्याच्या गुंडावर, माझ्या वह्यांच्या पानांत. जेवताना भाताचा पहिला घास घेतला की आधी कोंड्याचा वास यायचा, मग भाताचा. बाबांचे कान त्या यंत्रानेच खाल्ले. पन्नाशीच्या आतच त्यांना इतकं कमी ऐकू यायला लागलं की माणसं त्यांच्याशी बोलताना आपोआप हातवारे करत. पण त्यांचा स्वतःचा आवाज मोठा आणि मोकळा होता, आणि धान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते त्याच आवाजात "या जी, बसा जी" म्हणत. बसायला जागा मात्र आमच्याकडे नव्हती. पोती उतरवून माणसं रस्त्यापलीकडे देवाजीकाकांच्या पानठेल्यावर जाऊन बसायची, आणि आपला नंबर येईपर्यंत कबड्डीवर भांडायची.

आत्मकथन म्हातारपणी लिहावं म्हणतात. मी तीस वर्षांची आहे, साकोलीच्या एका शाळेत शिकवते, केस अजून काळे आहेत. पण माझ्या हातून जे व्हायचं ते एकोणिसाव्या वर्षी होऊन गेलं, आणि त्यानंतर मी म्हातारीसारखीच जगत आले आहे. तेव्हा वाट कशाला पाहायची? ज्यांना वाचायचं त्यांनी आत्ताच वाचावं.

आमचं गाव एकोडीच्या पुढे, आतल्या रस्त्याला. धान कापून झालं, मंडईची जत्रा झाली की बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या व्हायच्या आणि गावोगाव कबड्डीचे सामने लागायचे. कापलेल्या बांधीतली धसकटं उपटून, पाणी मारून, रूळ फिरवून मैदान करायचे. सामने संपत आले की ठेल्यावर खरा खेळ सुरू व्हायचा. सगळ्या जिल्ह्यातून सात खेळाडू निवडायचे, पाच राखीव, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बक्षीस नव्हतं, ढाल नव्हती. पण 'जिल्ह्याची सात' म्हणून ती यादी ठेल्याच्या फळीवर खडूने लिहिली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुसायची हिंमत कुणाची नसे. त्या यादीसाठी माणसं धान कुटून झाल्यावरही घरी जात नसत. बायका पोरांना पाठवायच्या, पोरंही तिथेच अडकायची.

"शहापूरच्या पोट्ट्याले नऊ? काहून बे? पळून पळून बोनस घेते तो!"

"बोनस का झाडाले लागते का? तू घेऊन दाखव ना."

"चिखल्याचा तो खाणीतला पाहा. तीन जन अंगावर घेऊन मधल्या रेषेपर्यंत आला."

"रेषेपर्यंत आला, पन हात लागला का? नाही ना? मंग बस खाली."

हे मी आमच्या पडवीच्या खिडकीतून ऐकायचे. हालर बंद असलं की एकेक शब्द ऐकू यायचा, आणि सुरू असलं की मी ओठांवरून ओळखायचे. ठेल्यावर बायकांनी जायची रीत नव्हती, मी कधी गेलेही नाही. पण कबड्डी मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होती, हे मी आज लाज न बाळगता सांगते. दहावीपर्यंत मी शाळेच्या संघात खेळले होते. शिवाय सामन्यांना बायकांची ताडपत्री मैदानाच्या टोकाला, कोपऱ्यामागे घातलेली असायची. पुरुष बाजूने बसून रेडर पाहायचे. आम्हाला रेडरची नुसती छाती दिसायची, पण कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूचे पाय मात्र हातभर अंतरावर असायचे. पाय पाहून पाहून मला कळायला लागलं की सामना पायांत असतो.

आणि त्या डाव्या कोपऱ्यात माझा भाऊ उभा असायचा. रोशनदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. गुडघ्यात वाकून, एक टाच किंचित उचलून तो उभा राहायचा, आणि रेडरचा घोटा त्याच्या हाताच्या टप्प्यात आला की सोडायचा नाही. घरी तो अगदी साधा होता. आईला पाणी भरून द्यायचा, बाबांसोबत पोती उचलायचा, आणि लाखोरीच्या डाळीत मिरची जास्त झाली तरी गप्प जेवायचा. कोपऱ्याच्या खेळाडूचं काम दिसत नाही. रेडर गुण आणतो, टाळ्या घेतो. कोपरा नुसता उभा राहतो आणि त्याच्या भीतीने रेडर दुसऱ्या बाजूला वळतो, त्याची नोंद कुठे होत नाही.

आता ती पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. ज्या घरचा खेळाडू, त्या घरच्याने त्याचे गुण आधी सांगायचे, आणि उणे सांगायचे. आपल्या माणसाची आपणच तारीफ करणं आमच्याकडे हलकेपणाचं समजतात. सोयरे आले की आई पाच भाज्या करून "काही नाही जी, साधंच हाय" म्हणायची, आणि सोयऱ्यांनी "साधं? वा जी बाई!" म्हणायचं, तशातलंच ते. घरच्याने उणे सांगायचे आणि लोकांनी ओरडून वाढवायचे. लोकांनी वाढवले तेवढेच खरे.

दादाचे गुण दर वर्षी बाबा सांगायचे. हालर बंद करून, अंगावरचा कोंडा झटकत ते रस्ता ओलांडायचे आणि त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणायचे, "चार द्या जी. आळशी हाय पोट्टं."

"चार?" देवाजीकाका पानाचा चुना बोटावर तसाच ठेवून उभे राहायचे. "तुमी आंधळे हा का बहिरे?"

"बहिरा तं हावोच जी मी!"

मग हशा, आणि मग गर्दीतून आवाज फुटायचे. सात लिवा. सात कायचे, आठ. त्याच्यासारखा घोटा धरनारा जिल्ह्यात दाखवा, मंग बोला. बाबा हात जोडून "नका जी, डोक्यावर बसन" म्हणत राहायचे. त्यांना आकडे नीट ऐकू येत नसत. घरी परत आले की ते हळूच मला विचारायचे, "शेवटी किती झाले?" मी बोटं दाखवायचे, आठ बोटं आणि एक अर्धं वाकवलेलं. मग ते हालर सुरू करायचे आणि दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. तसा आनंद मी त्यांच्या तोंडावर दुसऱ्या कशानेही पाहिला नाही.

ज्या वर्षाचं मी सांगते, त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे सर ठेल्यावर येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले की सगळ्या गावचे सामने मला पाहता येत नाहीत, तुमची यादी मला पाठवा. इतर गावांतून शिफारसी येतात, तुमची यादी भांडून झालेली असते, तिच्यावर माझा विश्वास आहे. जिल्ह्याच्या संघात नाव आलं की राज्यात खेळायला मिळणार, आणि राज्यात खेळल्याचा कागद असला की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर बसता येणार. दादा त्या कागदासाठी तीन वर्षं खेळत होता. पहाटे धुक्यात तो कालव्याच्या पाळीवर धावायचा. वय निघून चाललं होतं, आणि घरातला प्रत्येकजण मनात तेच मोजत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइल. पंकज नावाचा गावातलाच पोरगा, ज्याचं रिचार्जचं दुकान होतं, त्याने व्हॉट्सॅपवर ग्रुप काढला. शहापूरचे, चिखल्याचे लोक ठेल्यावर येऊ शकत नाहीत, त्यांनाही बोलू द्यावं, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. घरच्यांनी आपल्या खेळाडूचे गुण लिहायचे, कुणाची हरकत असेल त्याने लिहायचं, संध्याकाळी आकडे पक्के. बाबांकडे बटणांचा फोन, दादाकडेही तसलाच. टचस्क्रीनचा फोन घरात एकच, तो माझ्याकडे, कॉलेजसाठी घेतलेला. बाबा म्हणाले, "तूच लिव ना वैशू. मले का दिसते त्यात?"

त्या ग्रुपात सगळे पुरुष होते, मी एकटी बाई. इतकी वर्षं खिडकीतून ऐकलेली माणसं आता माझ्या तळहातावर भांडत होती, आणि मला मध्ये बोलायची मुभा होती. तो आनंद मी कसा सांगू? मी एकेका सामन्यावर लिहिलं. चिखल्याच्या रेडरचा उजवा पाय आधी सरकतो, म्हणून तो पकडला जातो, असं मी लिहिलं तेव्हा चिखल्याच्याच कुणीतरी उत्तर दिलं, "ताई बरोबर बोलून राहिल्या." मी ते दिवसातून चार वेळा वाचलं.

मोसमाचा शेवटचा सामना शहापूरला झाला. आमचा संघ एका गुणाने हरला. शेवटच्या चढाईत रेडर दादाच्या बाजूने निसटला, दादाचा पाय घसरला, हात रिकामा राहिला. लोकांनी शिव्या दिल्या. पण मी ताडपत्रीवरून सगळा सामना पाहिला होता. दुसऱ्या डावात समोरचे रेडर दादाच्या कोपऱ्याकडे फिरकलेच नव्हते, सगळे उजवीकडून मरत होते, आणि म्हणूनच आम्ही शेवटपर्यंत टिकलो होतो. हे पुरुषांना दिसलं नव्हतं, मला दिसलं होतं. माझ्या मनात दादाचे नऊ गुण पक्के होते.

गुण लिहायचा दिवस रविवारचा. सकाळी चुलीवर भात शिजत होता, आई वांगी चिरत होती, वाळलेले झिंगे भाजल्याचा वास घरभर पसरला होता. मी सांदवाडीत लिंबाच्या झाडाखाली फोन घेऊन बसले. शहापूरच्या एका काकांनी आपल्या पुतण्याचे पाच लिहिले, आणि लगेच खाली लोक तुटून पडले. काका झोपेत हा का, पाच कायचे, कोनाले पाच देता, आठ करा. काका दोन हात जोडल्याचं चित्र टाकून आठावर आले. म्हणजे पद्धत फोनवरही चालत होती. मला हायसं वाटलं. मग पंकजने लिहिलं, "रोशनचे घरचे गुण?"

मी 'चार' असं लिहिलं. बाबा सांगायचे तेवढेच. आणि पुढची तयारी करून बसले. आता देवाजीकाका तडकतील, कुणी सहा म्हणेल, कुणी सात, मी एकदा नाही म्हणेन, मग दुसऱ्या डावाची गोष्ट निघेल, कोपऱ्याकडे रेडर का फिरकले नाहीत हे मी सविस्तर सांगेन, अगदी नाइलाजाने सांगितल्यासारखं. वाक्यं सुद्धा मनात जुळवून ठेवली होती.

कुणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा दिसत होत्या. मग एक अंगठा आला, मग दुसरा. मग पंकजचं "धन्यवाद ताई." आणि त्यानंतर शहापूरच्या त्याच काकांनी लिहिलं, "ताईंनी घरच्यालाही सोडलं नाही. याला म्हणतात खरी पारख." त्याखाली टाळ्यांची रांग लागली.

आता जे लिहिते ते लिहायला मला अकरा वर्षं लागली. मला ते आवडलं. नुसतं आवडलं नाही, मी हुरळले. ठेल्यावरचे मोठमोठे लोक माझ्या पारखीला टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या मला हव्याहव्याशा वाटत होत्या. आकडा मात्र चारच होता. कोणीतरी वाढवेल, अजून संध्याकाळ व्हायची आहे, असं मी स्वतःला म्हणत होते. आई जेवायला बोलावत होती, मी "आली, आली" म्हणत होते. दुपारी ग्रुप दुसऱ्याच खेळाडूकडे वळला. लाखनीकडचा एक डाव्या कोपऱ्याचा पोरगा होता, त्याच्या घरच्याने तीन लिहिले आणि लोकांनी भांडून साडेसहावर नेले. तेव्हाही मी लिहू शकले असते. दोन ओळी पुरल्या असत्या. पण आपल्या भावाचे गुण आपणच कसे वाढवायचे? आणि आत्ता वाढवले तर सकाळच्या टाळ्यांचं काय? ही दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दुसरं जास्त खरं आहे. पाच वाजता पंकजने यादीचा फोटो टाकला आणि लिहिलं की सरांना पाठवली.

मी घरी कुणाला काही बोलले नाही. बाबांनी विचारलं, "झाले का गुण?" मी मान हलवली. "बरे झाले?" मी पुन्हा मान हलवली.

चार दिवसांनी दादा निवडीसाठी भंडाऱ्याला गेला. आईने त्याला तांदळाच्या भाकरी आणि तिखट चटणी बांधून दिली, नवा टॉवेल दिला. बाबांनी त्याच्या पाठीवर एवढ्या जोराने थाप मारली की तो पुढे गेला आणि दोघंही हसले. दुपारच्या एसटीने तो परत आला. हालर सुरू होतं. त्याने पिशवी खुंटीला अडकवली, शर्ट काढला, बनियनवर येऊन एक पोतं उचललं आणि यंत्राच्या तोंडाशी ओतलं, जणू सकाळपासून तो तिथेच होता. बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पट्टा उतरवून यंत्र बंद केलं. ती शांतता मला अजून ऐकू येते. मांडणीवरची भांडी सुद्धा थांबली.

"का झालं?" बाबांनी विचारलं.

"नाही झालं," दादा म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, बाबांना ऐकू यावं म्हणून, "अकरा जन पक्के होते. कोपऱ्यासाठी मी नाही तं लाखनीचा, असं होतं. सर म्हनले, तुया घरचेच चार देऊन राहिले, पायात काही दुखनं लपवून ठेवलं असन. म्हनून त्याले घेतलं." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

बाबांना अर्धंच ऐकू आलं. ते माझ्याकडे वळले. "किती लिवली होती तू?"

मी चार बोटं दाखवली.

"हो, ते तं आपन सांगतोच," बाबा म्हणाले. "शेवटी किती झाले?"

मी तीच चार बोटं धरून राहिले. हात खाली घेता येईना. बाबा माझ्या बोटांकडे बघत राहिले, मग माझ्या तोंडाकडे, मग पुन्हा बोटांकडे.

"कोनी वाढोले नाही?" त्यांनी विचारलं. त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, पडवीभर. "कोनीच नाही?"

आई आतून बाहेर आली होती, हाताला पीठ तसंच. बाबा तसेच कोंड्याने भरलेले रस्ता ओलांडून ठेल्यावर गेले. मी पहिल्यांदाच त्यांच्या मागे गेले. ठेल्यावर पाचसहा माणसं होती. बाबांनी देवाजीकाकांना विचारलं, "देवाजी, तू बी नाही वाढोला?"

देवाजीकाकांनी पान बाजूला ठेवलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "लिवलो होतो जी मी," ते म्हणाले. "आंधळी हाय का म्हनून लिवलो होतो. मंग मिटवलो."

"काहून?"

"तुमाले मी आंधळा म्हनू, बहिरा म्हनू, शिव्या देऊ. पोरीले कसं म्हनू जी? दुसऱ्याची पोरगी हाय, शिकलेली हाय, सगळ्यांच्या समोर तिले खोटी कसं पाडू? मले वाटलं, कोनी दुसरा बोलन." त्यांनी बोटावरचा चुना पुसला. "सगळ्यायले तसंच वाटलं असन."

मग काकांनी "समजलं का जी?" असं ओरडून विचारलं. बाबांना समजलं होतं. ते परत आले, पण यंत्र त्या दिवशी पुन्हा सुरू झालं नाही. लोकांनी धान तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी नेलं. आईने वाढलं, आणि दादा नेहमीसारखाच जेवला, भात, डाळ, पुन्हा थोडा भात. त्याने ताट भिरकावलं असतं, मला एक थोबाडीत दिली असती, तर मी त्याचे पाय धरले असते. तो जेवला, ताट घासायला ठेवलं आणि मला म्हणाला, "तू जेव ना." मी कशी जेवणार?

मी पंकजला फोन केला, सरांचा नंबर मागितला, सरांना फोन केला. रडत रडत सगळी पद्धत सांगितली. ते चांगले माणूस होते, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, नावं वर गेली." एवढंच. त्यांच्यावर मी कसला राग धरू? त्यांनी विश्वास ठेवला, तो माझ्या शब्दावर ठेवला.

त्यानंतर दादा दोनदा भरतीला उभा राहिला, साध्या जागांवर. दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. मग वय संपलं. आता तो चिखल्याला खाणीचा माल वाहणाऱ्या एका खाजगी ट्रकवर ड्रायव्हर आहे. सुटीला घरी येतो तेव्हा त्याच्या नखांत काळं असतं, ते कितीही घासलं तरी निघत नाही. गावात सामने लागले तर तो त्या रस्त्याने जात नाही, कालव्याकडून फिरून येतो. बाबा त्या दिवसानंतर ठेल्यावर कधी गेले नाहीत. देवाजीकाका पान घेऊन स्वतः यायचे, पायरीवर बसायचे, बाबा त्यांना "या जी" म्हणायचे आणि पुढे काही बोलायचे नाहीत. मोठ्या राइस मिल आल्या, हालर बंद पडलं, आणि बाबाही तीन वर्षांपूर्वी गेले. आयुष्यभर लोक आपल्या पोराला वाढवतात यावर ज्या माणसाचा भरवसा होता, त्याचा तो भरवसा मी घालवला. आता घर इतकं शांत असतं की आई कुजबुजली तरी ऐकू येतं, आणि ती कुजबुजतच नाही.

ग्रुप अजून आहे. आता त्यात टीव्हीवरच्या खेळाडूंचे गुण देतात, ज्यांना ह्यांनी कधी पाहिलं नाही आणि ज्यांना ह्यांच्या आकड्यांशी काही देणंघेणं नाही. तिथे लोक फार जोरात भांडतात. मी कधीची बाहेर पडले. शाळेत पोरं आपल्या वर्गाचा संघ निवडताना एकमेकांना मार्क द्यायला लागली की मी त्यांना ओरडते. पोरं चक्रावतात. बाई एरवी ओरडत नाहीत.

गेल्या मंडईला दादा आला होता. दुपारी आम्ही दोघं सांदवाडीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो. त्याची बोटं भरभर चालत होती, माझी चालत नव्हती. इतक्या वर्षांत त्या दिवसाचा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता. का कोण जाणे, मला वाटलं की आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. मी त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या डावात रेडर त्याच्याकडे फिरकले नव्हते ते, मी जुळवून ठेवलेली वाक्यं, मला मिळालेल्या टाळ्या, आणि त्या टाळ्या मला आवडल्या ते सुद्धा. शेवटी म्हणाले, "दादा, मी मनात नऊ धरले होते."

त्याने शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले, दुसरी घेतली.

"नऊ नाही होत," तो म्हणाला. "मैदान वल्लं होतं, मले माहीत होतं, तरी मी शेवटच्या रेडले टाच टेकोलो. नऊ कायचे?"

 मला वाटलं विषय संपला. तो आणखी चारसहा शेंगा सोलत राहिला, आणि मग माझ्याकडे न बघता, त्याच साध्या आवाजात म्हणाला,

"सात होते. त्या लाखनीच्या पोट्ट्याले साडेसहा होते, वैशू. खरे तेवढे लिवली असती, तरी झालं असतं."